हरभऱ्यातला खांब

हरभऱ्याच्या पानांवर आंब धरू लागली की मला राग येतो.

हे वाक्य लिहून मी थांबले, पुन्हा वाचले आणि तसेच राहू दिले. आंब ही काही रागावण्याची वस्तू नव्हे. पौषातल्या थंडीत पानांवर दव उतरते, पानांतल्या आम्लात मिसळते, आणि सकाळी शेतातून चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना ते आंबट पाणी चिकटत जाते. आमची आई संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेले धोतर पसरून ठेवायची आणि सकाळी ते पिळून बाटली भरायची. कोणाचे पोट दुखले की त्यातले चमचाभर. ती चव आठवली की अजून माझे डोळे बारीक होतात. तेव्हा राग आंबेचा नाही, हे उघड आहे. चौतीस वर्षे मी शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला. परिणाम दिसला की कारण शोधा, असे मुलांना सांगत आले. स्वतःच्या रागाचे कारण लपवणे मला शोभणार नाही.

कारण एक लोखंडी पाइप आहे. अमडापूरच्या पुढे आमच्या गावाच्या शिवारात, माझ्या मोठ्या भावाच्या शेतात, तो जमिनीत रोवलेला आहे. तो मी रोवला.

तीन वर्षांपूर्वीच्या हरभऱ्याच्या हंगामात माझ्या भाच्याचा फोन आला. मी बुलढाण्याला राहते. निवृत्तीनंतर फोन आले तर बहुधा औषधाच्या दुकानाचे येतात. प्रमोद हा माझ्या दादाचा एकुलता मुलगा. गावात त्याचे बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे.

"आत्या, तुह्याशिवाय हे होत नाही बाप्पा. दोन पोट्टे येऊन गेले, टीव्हीची छत्री बसवून गेले, पण चित्र सारखं अडकून राह्यलं. बाबा शेतात एकटे असतात, करमत नाही त्यायले. तू एकदा येऊन अँगल लावून दे."

"दादा शेतात एकटा का असतो?" मी विचारले.

"रोही लय माजले ना, कळपच्या कळप. सारा हरभरा खाऊन राह्यले. बाबा म्हणे मी जातो जागलीला. मंग मी त्यायची मस्त सोय केली. तू पाह्यशीन तं खुश होशीन."

दादाची बायको, माझी वहिनी, त्याआधीच्या पावसाळ्यात गेली होती. घरात दादाची समोरची खोली होती, ओट्याला लागून, दोन खिडक्यांची. पलंगावर पडल्या पडल्या त्याला गल्लीतून कोण गेले ते दिसायचे आणि गल्लीला तो दिसायचा. त्या खोलीचे काय झाले, हे विचारण्याचे मला त्या दिवशी सुचले नाही. मला सुचले होकायंत्र. कपाटातून ते काढले, कोनमापक काढला, गवंड्याकडून कधीकाळी घेतलेली, पातळी पाहायची पाणसळ काढली, दोरीचा ओळंबा काढला, आणि परीक्षेला निघालेल्या हुशार मुलीसारखी मी चिखलीची बस धरली.

'सोय' हा शब्द मी तेव्हा नुसता ऐकला. आता तो कानावर आला की मी आधी विचारते, कोणाची?

प्रमोदने केलेली सोय कडुनिंबाखाली उभी होती. आमच्या जिल्ह्यातून मोठा महामार्ग गेला तेव्हा त्याच्या कामावरचे लोक चाकांवरच्या खोल्यांत राहत असत. रस्ता पुढे सरकला की खोलीही ट्रॅक्टरमागे बांधून पुढे न्यायची. काम संपल्यावर तशा खोल्या विकायला निघाल्या, त्यातली एक प्रमोदने आणली होती. बाहेरून पांढरा पत्रा, आतून प्लायवूड, जाळीची खिडकी, भिंतीला जोडलेले एक बाक, हात धुवायला एवढेसे बेसिन, आणि खाली चार चाके. छपरावर सोलरची पाटी, आत बॅटरी. ट्रेलर हे तिचे खरे नाव. गावात तिला सगळे डब्बा म्हणत.

"पाह्य," दादा दारात उभा राहून म्हणाला, "इंजिनेर लोकायचा बंगला हाये माह्याजवळ."

तो हसत होता. त्याच्या हसण्याची मी नोंद घेतली; ते किती वेळ टिकले, याची घेतली नाही.

डिश कशी बसवावी, हे इथे थोडे सांगते. त्याशिवाय माझी चूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही. आपल्याला ज्या उपग्रहावरून चित्र येते तो विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्या गतीने तिच्याबरोबर फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा वाटतो. आमच्या भागातून तो आग्नेयेला पडतो, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर. तबकडी पाहणाऱ्याला वाटते की ती समोर बघते आहे. प्रत्यक्षात ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. तिचा कोन एका अंशाने चुकला तर तिकडे आकाशात शेकडो किलोमीटरची चूक होते. म्हणून ती ज्यावर बसवायची ते हलता कामा नये.

आणि ट्रेलर हलत होता. ती दोन मुले डिश त्याच्या छपरावर बसवून गेली होती. कोणी आत पाय टाकला की सगळी खोली रबरी चाकांवर अंगभर डुलायची आणि बातम्या देणारी बाई तोंड उघडे ठेवून गोठायची. दोन मिनिटांत मी निदान केले. पाच मिनिटांत उपाय सांगितला. जमिनीत दोन फूट खड्डा, त्यात लोखंडी पाइप, भोवती खडी, वाळू, सिमेंट, आणि त्या खांबावर डिश.

दादा तोवर दारात उभा होता. मग म्हणाला, "कुसुम, वरच राहू दे ना वं. डब्ब्यावरच."

"दादा, हलणाऱ्या वस्तूवर डिश बसत नाही."

"मले समजते ते. पण सोंगणी झाली, पीक निघालं की डब्बा घरी जाईन ना. छत्री वर असली तं संगच जाईन."

मी त्याला उत्तर दिले. ते उत्तर मला शब्दशः आठवते, कारण त्याच आवाजात मी वर्षानुवर्षे मागच्या बाकांवरच्या मुलांना उत्तरे दिली होती. "दादा, तात्पुरते काम आणि पक्के काम यांत फरक असतो. करायचे तर पक्के करावे."

तो "बरं" म्हणाला.

या माणसाने मला शिकवले होते. घरात पैपाहुणे म्हणत, पोरीला चिखलीला कॉलेजात कशाला घालता. दादा काही न बोलता माझी पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधायचा. त्याही आधी, सातवीत, भूगोलासाठी काठीच्या सावल्या मोजायच्या होत्या. दादाने अंगणात काठी रोवली, दोरीला दगड बांधून ती सरळ आहे का ते पाहिले, आणि दिवसभर कोंबड्यांना त्या काठीच्या जवळ येऊ दिले नाही. ओळंबा हा शब्द मला त्याच्याकडून मिळाला. आणि त्या दिवशी शेतात तोच ओळंबा मी त्याच्या हातात दिला. मी पाइप धरला, प्रमोद सिमेंट ओतत होता, आणि दादा दोरी धरून एक डोळा मिटून सांगत होता, "थोडा इकडे. अजून. हां, आता सरळ."

त्याच्या हाताने मी त्याला तिथे रोवला.

तीन दिवस पाणी मारा, मी सांगितले. प्रमोदने मारले. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेले, डिश चढवली, होकायंत्र धरले, कोन लावला, नट आवळले. पडद्यावरची सिग्नलची पट्टी शेवटपर्यंत भरली. प्रमोदची बायको वैशाली ताट घेऊन आली होती. नवी वस्तू सुरू होताना आमच्याकडे नारळ फोडतात आणि तो घरातल्या वडीलधाऱ्याने फोडायचा असतो. खांबाला हळदकुंकू लावले. ट्रेलरच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. दादाने खांबाच्या बुडाशी दगडावर नारळ फोडला, आणि पाणी दोन्ही बाजूंना सारखे उडाले म्हणून वैशाली म्हणाली, "शुभ झालं." खोबऱ्याचा पहिला तुकडा मला मिळाला. मानाचा.

प्रमोदने खांबावर थाप मारली. "पक्कं झालं बाबा. आता इथून हलायचं कामच नाही."

त्याने दादाच्या हातात रिमोट देऊन फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पोचला. पुण्यातून, नागपुरातून जोडलेले हात आणि अंगठे आले. मुलगा असावा तर असा. आणि आत्याबाईंचेही कौतुक, या वयात शिडीवर! मी ते तीनदा वाचले. खाटेवर पडून, पाय दुखत असताना, मी ते तीनदा वाचले आणि मला बरे वाटले. हे मी लिहिते आहे ते कोणी मला माफ करावे म्हणून नव्हे. वर्गात चुकीचे उत्तर खोडण्याआधी ते फळ्यावर पूर्ण लिहून घ्यावे लागते.

निरीक्षणात मी कमी पडले असते तर एक वेळ समजू शकले असते. पण मी सगळे पाहिले होते. ट्रेलरमध्ये वहिनीचा हार घातलेला फोटो होता. दोन महिन्यांच्या जागलीला कोणी बायकोचा फोटो भिंतीवरून काढून नेत नाही. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, पौष महिन्यात. बाकाखाली पावसाची छत्री होती आणि तिच्याजवळ पावसाळी चपला. खिळ्याला दादाचा तो कोट होता जो तो फक्त लग्नाला घालतो. उन्हाळा, पावसाळा आणि लग्नसराई, तिन्ही त्या पत्र्याच्या खोलीत आधीच येऊन बसले होते. मी ते पाहिले आणि बेसिनचा पाइप गळतो आहे, तो बदला, असे सांगून परत आले.

हरभरा सोंगला. मळणी झाली. दादाच्या खोलीत प्रमोदने दुकानातली पोती ठेवली होती, "दोन महिन्यांसाठी". ती निघाली नाहीत. मग उन्हाळ्यात म्हणे शेतातली मोटर चोरीला जाते. मग सोयाबीनची पेरणी आली, मग सोयाबीनवर रानडुकरे आली, मग पुन्हा हरभरा. ज्याला कारण हवे असते त्याला पीक कमी पडत नाही. आमच्या काळ्या जमिनीत वर्षभर काहीतरी राखण्यासारखे असतेच.

दादाला शेत आवडत नव्हते, असे मी म्हणणार नाही. सकाळी धुके वर उचलले जाताना हरभऱ्याच्या जांभळ्या फुलांत तो उभा असायचा तेव्हा त्याचा चेहरा खरोखर निवांत दिसे. मी जायचे तेव्हा तो मला हुळा भाजून द्यायचा. काडीकचऱ्याचा जाळ, त्यावर घाट्यांसकट झाडे, हात काळे, ओठ काळे. आम्ही दोघे साठी-सत्तरीची माणसे एकमेकांची तोंडे पाहून हसायचो. शेत त्याचेच होते. पण आपल्या आवडत्या जागी जाणे वेगळे आणि तिथे ठेवले जाणे वेगळे, एवढा फरक मला कळायला हवा होता.

सकाळी मोटरसायकलवर जेवणाचा डबा यायचा. डब्याबरोबर प्रमोद यायचा. पुढे पुढे त्याच्या दुकानातला माणूस येऊ लागला. तो गाडी बंद न करता डबा खांबाच्या खिळ्याला अडकवून जायचा. हो, खांबाला खिळाही ठोकला होता, म्हणजे लोखंडाला वेल्डिंग करून घेतला होता. पक्क्या वस्तूला माणसे हळूहळू कामे लावत जातात.

आणि टीव्ही चालू असायचा. दुसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा दादा बातम्या देणाऱ्या बाईशी बोलत होता. "काल तं तू दुसरंच म्हणत होतीस," तो तिला म्हणाला. मी दारात उभी होते. माझ्याकडे पाहून तो ओशाळला आणि त्याने आवाज वाढवला.

बाजारात लोक मला म्हणायचे, "मॅडम, मजा हाये बाबायची. शेतात टीव्ही, पंखा, सारं हाये. आमच्या पोट्ट्यायले सांगा काही." मी हसायचे. मी! ज्या बाईने वर्गात खोटे बोललेले कधी चालवून घेतले नाही, ती अमडापूरच्या बाजारात वांगी निवडत हसत उभी राहायची.

राग असा साठत नाही, जसा आपण समजतो. तो एखाद्या ठिकाणी अडलेला असतो आणि तिथे तो आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. माझा राग गेल्या वर्षी हरभऱ्याला घाटे भरत असताना एका फोनने मोकळा झाला. प्रमोदच होता.

"आत्या, सिग्नल गेला ना. निंबाची फांदी आडवी आली. समोर आडोसा असला की काहीच दिसत नाही म्हणे. मी फांदी तोडून घेतो, तू फक्त येऊन पुन्हा अँगल लावून दे. टीव्ही बंद झाल्यापासून बाबा रोज फोन करून राह्यले. दुकानात गिऱ्हाईक असते, मी काय बोलू त्यायच्याशी?"

शेवटचे वाक्य त्याने सहज म्हटले. त्यात त्याला काही खटकले नाही. मला मात्र त्या वाक्यात सगळा हिशेब न मांडता दिसला. टीव्ही होता म्हणून मुलाला बापाशी बोलावे लागत नव्हते. आणि तो टीव्ही मी नीट लावून दिला होता, एका अंशाचीही चूक न करता. डिश हलत राहिली असती तर दादाला करमले नसते, त्याला करमले नसते तर तो रोज फोन करत राहिला असता, घरी येऊन बसला असता, भांडला असता. सोंगणीनंतर खोली परत मागितली असती. त्या घरात त्याच्या परतीची एकच वाट उरली होती, ती म्हणजे त्याचे न करमणे. आणि मी ती बुजवली.

मी गेले. या वेळी होकायंत्र नेले, पण ते पिशवीतून काढले नाही. फांदी खरेच आडवी आली होती, कोवळ्या तांबूस पानांची. दादा बंद टीव्हीसमोर बसला होता. दाढी वाढलेली. त्याने मला पाहून आधी पडद्याकडे बोट दाखवले, मग फांदीकडे.

मी बाकावर त्याच्याजवळ बसले. शाळेत बोलायची भाषा मी बाजूला ठेवली. "दादा, तुले घरी यायचं हाये का?"

तो जाळीतून हरभऱ्याकडे पाहत राहिला. मला वाटले, ऐकू आले नसावे.

मग म्हणाला, "चाकात हवा हाये का, पाह्य."

हवा नव्हती. चारही चाके जमिनीत रुतली होती, रबराला भेगा पडल्या होत्या आणि एका चाकाच्या आऱ्यांतून गवत उगवले होते. मी शेजारच्या बांधावरून गजाननला हाक मारली. गजानन शेजारच्या शेताचा मालक, माझा जुना विद्यार्थी. विज्ञानात कच्चा, पण ट्रॅक्टरला पक्का. तो फावडे घेऊन आला.

"बाई, प्रमोदभाऊले विचारलं काय?"

"शेत कोणाचे आहे?"

"बाबायचं."

"घर?"

"तेही बाबायचंच."

"मग प्रमोदला काय विचारायचे?"

गजानन हसला नाही. त्याने रुतलेल्या चाकांभोवतीची माती काढायला सुरुवात केली. दोन टायर त्याने घरून आणले, उरलेल्या दोन्हींत हवा भरली. सकाळची दुपार झाली. मी शिडीवर चढून खांबावरची डिश काढली. माझ्याच हाताने आवळलेले नट इतके घट्ट बसले होते की पाना दोनदा सटकला आणि माझी बोटे सोलली. दादाने वहिनीचा फोटो काढून मांडीवर घेतला आणि तो खिडकीशी बसला. ट्रॅक्टर सुरू झाला. चाके जागेवरून उठली तेव्हा ट्रेलर सगळ्या बाजूंनी करकरला.

गावातून जाताना वरात निघाल्यासारखे झाले. पारावरून एकजण ओरडला, "काय बाबा, डब्बा घरी नेऊन राह्यले?"

दादा जाळीमागून म्हणाला, "हाव. दोन वर्स पीक राखलं. आता घर राखतो."

गजाननने ट्रेलर घराच्या दारासमोर आणून उभा केला. अर्धी गल्ली अडली. वैशाली बाहेर आली, पदराने हात पुसत. "बाबा! अहो, उतरा ना. चहा टाकते."

"टाक. पण उतरून बसू कुठं?"

तिने मागे वळून समोरच्या खोलीकडे पाहिले. दार अर्धे उघडे होते आणि त्यातून पोती दिसत होती, छतापर्यंत. ती आत गेली आणि चहा घेऊन बाहेर आली. चहात दादाला लागते ते आले तिने आठवणीने घातले होते, हेही मी नोंदवते. रागात अर्धेच लिहिणे मला मंजूर नाही.

प्रमोद दुकानातून धावत आला. "आत्या, हे काय लावलं तू? लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. समोर आडोसा असला की काहीच दिसत नाही, हे तूच मला फोनवर सांगितलेस."

"अवं, मी काय त्यायले उपाशी ठेवलं? टीव्ही हाये, पंखा हाये, रोजचा डबा हाये. कोणाचा पोरगा करते एवढं?"

"तू एवढे केलेस, कारण तेवढ्याने तुझे भागत होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. चौतीस वर्षांत मी वर्गात कधी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. "आणि मी ते करायला मदत केली. मला वाटले मी टीव्ही लावते आहे. मी तुझ्या बापाच्या खोलीला कुलूप लावत होते. तू चावी फिरवलीस, पण कुलूप मी बसवून दिले, पाणसळ लावून!"

प्रमोदने माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिले आणि तो बाजूला ओट्याशी जाऊन उभा राहिला.

मग मी ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांखाली दगड आणि विटा रचल्या. गजाननने जॅकने एकेक कोपरा उचलला, मी खाली विटा सरकवल्या. पाणसळ लावली. ट्रेलर स्थिर झाला, आत कोणी नाचले असते तरी हलला नसता. हा उपाय तीन वर्षांपूर्वीही होता. चार कोपरे, चार टेकू. महामार्गावरच्या लोकांनी आयुष्यभर हेच केले असणार. दादाने डिश वरच ठेव म्हटले होते तेव्हा त्याचेच बरोबर होते, विज्ञानानेही. मी डिश छपरावर बसवली, आग्नेय शोधली, साठ अंश लावले. घरांच्या ओळीवरून आकाश मोकळे होते. पट्टी भरली.

दादाने आवाज पूर्ण वाढवला. सगळ्या गल्लीला बातम्या ऐकू जाऊ लागल्या.

"बाबा, आवाज तरी कमी करा," प्रमोद म्हणाला.

"काऊन? शेतात तं कोणी म्हणत नव्हतं."

तीन दिवस ट्रेलर तिथे उभा होता. दादा जेवायला, झोपायला, अंघोळीलासुद्धा त्यातच. वैशाली बादली आणून द्यायची. येणारा-जाणारा थांबून विचारायचा आणि दादा प्रत्येकाला नवे उत्तर द्यायचा. मीही गेले नाही. ओट्यावर बसून राहिले. प्रमोद माझ्याशी बोलला नाही, मीही त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानातल्या माणसाला हाक मारली आणि स्वतः पहिले पोते पाठीवर घेतले. सिमेंट पक्के व्हायला लागतात तितकेच दिवस लागले.

आता दादा त्याच्या खोलीत आहे. दोन्ही खिडक्या उघड्या असतात. टीव्ही भिंतीवर आहे, पण बरेचदा बंद असतो. गल्लीतून जाणारे लोक बातम्यांपेक्षा बरे, असे तो म्हणतो. पोती ट्रेलरमध्ये आहेत, दुकानामागे. प्रमोद मला आत्या म्हणतो, पूर्वीसारखाच; पण फोन करत नाही. दादा मात्र करतो, रोज.

मला म्हणतात, झाले ना सगळे चांगले, आता कशाचा राग? मी त्यांना सांगते, दोन वर्षे. एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाची दोन वर्षे, चार-पाच पिके. ती कोणत्या खिडकीतून परत येणार आहेत?

पेरणीच्या वेळी प्रमोदने तो खांब उपटायचे ठरवले होते. ट्रॅक्टरला आडवा येतो. दादाही मला म्हणाला, "काढू दे वं, कायले ठेवतं?" मी नाही म्हटले. त्या शेतावर माझा काडीचा हक्क नाही, तरी मी नाही म्हटले आणि दोघांनीही पुढे विचारले नाही. ट्रॅक्टर वळवावा लागतो, वळू दे.

काल सकाळी मी एकटी तिकडे गेले. आंबेने पोटऱ्या भिजल्या. खांबाच्या चारी बाजूंना हरभरा फुलला होता, डब्याचा खिळा गंजला होता, हळदकुंकवाचा ठिपका कधीच धुऊन गेला होता. मी पिशवीतून ओळंबा काढला, दोरी वर धरली आणि एक डोळा मिटला. खांब केसभरही कललेला नाही.